आखाड्याबाहेर सांडलेलं रक्त

प्रिय उलरिक,

तुझा निरोप पोचला. बसवाल्या पोराने तो भर रस्त्यात असा ओरडून सांगितला की माझ्या बहिऱ्या कानातही शिरला असेल. "टँटी युलाली, शनिवारी भावाचा सत्कार आहे! आखाड्यातला खळगा तूच खणायचा म्हणालाय!" अभिनंदन हो. कार्निव्हलच्या आधीचा शनिवार, सगळं गाव, ढोल, गाणारे, आणि मधोमध तू. पाटीवर 'शांततेचा काठीवाला' असं कोरून आणलंय म्हणे. मी येणार की नाही ते शेवटी सांगते. आधी माझं ऐकून घे. थोरली आहे, तेवढा हक्क आहे माझा.

ममा खळगा खणायची ते आठवतं का रे? ढोलावर पहिली थाप पडायच्या आधी, अनवाणी, स्कर्ट गुडघ्याशी खोचून. काठीच्या खेळात ज्याचं डोकं फुटेल त्याने त्या खळग्यापाशी येऊन वाकायचं, रक्त आत गळू द्यायचं, आणि मग ज्याने फोडलं त्याच्याच हातची रम प्यायची. भांडण तिथेच पुरलं. पापा सांगायचे, "खळग्यात पडलं ते मातीचं झालं. आखाड्याबाहेर जो हात उगारेल तो माझा कुणी नाही." ते स्वतः तसेच जगले. कोकोच्या मळ्यावर मुकादम आईवरून शिव्या द्यायचा, आणि ज्यांच्या काठीपुढे अख्खं मोरुगा गाव चळचळा कापायचं ते पापा टोपी काढून हसायचे. मला त्यांचा अभिमान होता, अजूनही आहे.

मुलींना काठी धरू देत नसत, म्हणून तुझ्या सरावासाठी कच्चे पेरू फेकायचं काम माझ्याकडे होतं. काठी दोन्ही हातांत आडवी धरून तू सगळे पेरू अडवायचास. मी चिडून चिडून फेकायची, एक लागेल तर शपथ. एकदा एक पेरू तुझ्या खांद्यावरून गेला आणि मागे ममाचा कंदील फुटला. ममा धावत आली, तर तू छाती काढून म्हणालास, "मला कुठे लागला?" पापा पोट धरून हसले. मीही हसले होते. काचा मात्र मीच वेचल्या.

आता जोसलिनच्या बारशाचा दिवस. तो तू विसरला नाहीसच, उलट मला हवा त्यापेक्षा जास्त लक्षात ठेवलायस. तुझी लेक पाळण्यात, अंगणात पाहुणे, मी पेलावचा भात वाढत होते. ढोलवाल्याच्या कुठल्याशा विनोदावर मी हसले, एवढाच माझा गुन्हा. माझा नवरा कार्लटन उठला आणि त्याने सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. मग आणखी एक, आणि आणखी. तू हाताच्या अंतरावर होतास. पोरांना डाव दाखवत होतास, काठी तुझ्या हातात होती. ती काठी तू हळूच फणसाच्या झाडाला टेकवलीस, पेल्यात पाणी ओतलंस आणि कार्लटनला म्हणालास, "बस भावा, पाणी पी. रागात माणूस भलतंच करून बसतो." तो बसला, घटाघट पाणी प्याला. लोक म्हणाले, "वा! दुसरा असता तर डोकंच फोडलं असतं. खरा काठीवाला तो हा!" माझ्या कानातून रक्त येत होतं. मला पाणी कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून त्या कानाने मला काही ऐकू येत नाही. कार्लटनला मी सोडलं, शिवणकाम करून पोट भरलं, माझं काही अडलं नाही. पण तुझ्यावरचा राग गेला नाही, आणि का गेला नाही हे मला फार उशिरा कळलं. माझं रक्त आखाड्याबाहेर सांडलं होतं. त्याला खळगा नव्हता. ते पुरणार कुठे? मी काही तुला कार्लटनचं डोकं फोड म्हटलं नव्हतं. पापांचा नियम मलाही पाठ आहे. पण काठी अडवायलाही असते ना रे? नुसती आडवी धरून मधे उभा राहिला असतास तर कोणता नियम मोडला असता? आखाड्यात एकास एक असतं, पाठीमागे कुणी नसतं. तुला आपलंच डोकं राखायची सवय लागली आणि त्यालाच तू शांती म्हणू लागलास.

आणि वर ती गोष्ट तू शाळाशाळांतून सांगतोस! "एकदा माझ्यासमोर एक माणूस रागाने वेडा झाला होता, मी त्याला पाणी दिलं." मुलं टाळ्या वाजवतात. तुझ्या गोष्टीत मी नाहीच, फक्त एक रागावलेला माणूस आहे आणि एक थोर माणूस. तुझी लेक ती गोष्ट ऐकतच मोठी झाली. त्या दिवसाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं, पण पोरगी हुशार आहे, माझा कान बघून तिने ताडलं.

तर आता ऐक. जोसलिन मंगळवारपासून माझ्याकडे आहे. जबडा सुजलाय, चावता येत नाही, कलालूच्या पाल्याचं सार गाळून भरवते आहे. तुझ्या जावयाने, केर्विनने मारलं, आणि पहिल्यांदा नाही. मी म्हटलं, "डॅडीकडे का नाही गेलीस गं?" तर म्हणाली, "नको टँटी. डॅडी त्याला पाणी देतील." हे मी तुला लिहू नये म्हणून तिने माझा हात धरला होता. मी लिहिते आहे. केर्विनने सांगून पाठवलंय की शनिवारी दुपारी तिला न्यायला येतो. सगळे तुझ्या सत्कारात असतील हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे खळगा खणायला मी येणार नाही. तुला यायचं असेल तर सत्कार सोडून इकडे ये. हात उगारू नकोस, आवाजही चढवू नकोस. लहानपणी धरायचास तशी काठी दोन्ही हातांत आडवी धर आणि माझ्या दारात उभा राहा. या वेळी मागे कोण आहे ते बघून उभा राहा. नाही आलास तर पापांची काठी माझ्याकडे आहे, ती धरून मी उभी राहीन. तो बहिऱ्या बाजूने आला तर मला कळणार नाही, एवढीच धास्ती आहे. आणि पाण्याची काळजी तू करू नकोस. पाणी मी देईन, पहिला पेला जोसलिनला.

तुझीच, काचा वेचणारी थोरली,
युलाली