आबांच्या स्वाधीन केलेला फोन

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून खालच्याच मजल्यावर संसार मांडला आहेस? भाऊजींनाही नमस्कार सांग. इकडे आबा बरे आहेत, तुझी भावजय बरी आहे, माझं पुढे लिहितो.

ताई, मी फोन सोडला. (हसू नकोस.) झालं असं की आपल्या वकिलांचा कोट शिवायला घेतला होता. बाही बेतताना शेजारी फोन चालू, आणि त्यात एक गृहस्थ कामात चित्त कसं एकाग्र करावं ते सांगत होते. (मी फार लक्ष देऊन ऐकलं, तिथेच घात झाला.) कागदाचा साचा उलटवायचा राहिला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. वकील उजवा हात घालून आरशासमोर बराच वेळ उभे होते. भला माणूस, त्यांना वाटलं खोट त्यांच्या खांद्यातच आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी सोडला तो बाहीपायी नव्हे, आबांपायी. त्यांची नजर गेल्यापासून दुकान बंद केलं की मी त्यांना कादंबरी वाचून दाखवतो, हे तुला ठाऊकच आहे. वाचता वाचता माझा हात फोनकडे जायचा आणि वाक्य अर्ध्यावर लटकायचं. आबा मुकाट वाट बघायचे. एकदा म्हणाले, "यातला नायक बोलता बोलता फार थांबतो रे. काहीतरी मोठं दुःख असणार त्याला." नायकाला काडीचंही दुःख नव्हतं. मला इतकी लाज वाटली की पुढची ओळ दिसेना.

मग फोन ठेवायचा कुठे? कापडाच्या ताग्यात लपवला, तर दिवसभर तागे उलगडत बसलो. (गिऱ्हाइकांना वाटलं नवा माल आला.) तुझ्या भावजयीकडे दिला, तर तीच त्यात बुडाली आणि दूध उतू गेलं. शेवटी आबांच्या स्वाधीन केला. ज्यांना दिसतच नाही त्यांच्याइतका भरवशाचा राखणदार कुठे मिळणार? आता टाके सरळ पडतात, वकिलांना उजवी बाही मिळाली, आणि मी अख्खं प्रकरण एका बैठकीत न थांबता वाचतो.

तुझा,
धाकटा

ता. क. प्रकरण वाचतो ते दुकानातल्या पुतळ्यासमोर. फोन पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवतो, हे तुझ्या भावजयीने आबांना शिकवलं. कादंबरी त्यांनी त्याच्याकडूनच संपवली. मी खुर्ची ओढून बसलो तर म्हणाले, "राहू दे. हा मध्ये थांबत नाही. तूही दमला असशील." मायेनेच म्हणाले गं, म्हणून जास्त लागलं.

आणखी एक. तुझं ते ऐकतात. एकदा फोन कर, त्यांच्या उशाशीच असतो. म्हणावं, पुढच्या पुस्तकाचं एक प्रकरण धाकट्याकडून ऐका. मध्ये थांबला, तर तो आपणहून उठून जाईल.