गॅलरीत राहिलेली मुलगी

सांगली, शनिवार संध्याकाळ, ऑगस्ट १९४४

आज मालतीने पुस्तक परत दिलं. माझी चौथी डिटेक्टिव्ह कादंबरी, खरं तर तिच्या एकटीसाठी लिहिलेली. वसंता जिवाभावाचा मित्र, पण त्याच्याच बहिणीला, मालतीला, लग्नाचं सरळ विचारायचं कसं? म्हणून मनातलं सगळं बाराव्या प्रकरणात नायकाच्या तोंडी घातलं.

ते प्रकरण छापलंच गेलं नाही. साताऱ्याच्या छापखान्याचे मालक बापूसाहेब म्हणाले होते, "लढाईपायी कागद मिळंना गड्या, सोळा पानं कमी कर." माझं डोकं फिरलं. "कुठलीही काढा," असं ओरडून तडक मोटार पकडली. कॉलेजही असंच सोडलं होतं. पुस्तक हातात आल्यावर विचारलं, तर म्हणतात, "खून दोन्ही ठेवलं की रं!"

मालती तिच्या घराच्या दारातच म्हणाली, "खून छान झालेत. पण अकराव्यात ती मुलगी गॅलरीत येऊन उभी राहते, तिचं पुढे काय होतं?"

"कागद नव्हता," मी म्हणालो.

ती हसली. मग खाली बघत म्हणाली, "परवा कडेगावची मंडळी बघून गेली. बाबांनी अजून होकार कळवलेला नाही." आणि तिथेच थांबली.

मी पुस्तक काखेत मारून निघालो. दोन दोन खून रचणारा मी, एवढं विचारायला भ्यालो. ती मुलगी अजून गॅलरीतच उभी आहे. बोलायला कागद लागत नाही, हे पुलापर्यंत आल्यावर सुचलं.