थांबे नसलेला रस्ता

१४ मे

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून तू फुगून बसला असशील. पण गाडीत माणसं दोन आणि खोली एक. यांच्याबद्दल यांच्यादेखत काय बोलणार? हे दुपारी तासभर झोपतात, तेवढा वेळ माझा. तेव्हा यापुढे पत्रच. उत्तर सोबत लिहिलेल्या पोस्टाच्या पत्त्यावर पाठव. दहा-बारा दिवस आम्ही इथेच आसपास आहोत.

गाडी छान चालली आहे. पावाची जुनी व्हॅन म्हणून तू हसायचास ना, पण तुझ्या दाजींनी सहा वर्षं अंगणात खपून तिचं घर केलंय. पलंग भिंतीत दुमडतो, शेगडी ओट्याखाली सरकते, आणि चढावरसुद्धा कपाटातला एक कप हलत नाही. एकतीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली यांनी, स्टेशन ते हॉस्पिटल, बावीस थांबे. रिटायर झालो की थांबे नसलेल्या रस्त्यावर गाडी घालणार, हे लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. आता रस्ता मिळाला, तर डॉक्टरांनी यांचं लायसन काढून घेतलं. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी शिकले. शिवणाच्या मशीनवर पाय चालतो तसाच इथे चालवायचा, एवढंच.

काल एका कुरणाकडेला थांबलो होतो. समोर बिळं होती. मांजराएवढा एक गुबगुबीत प्राणी बिळातून वर आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि खणखणीत शिट्टी घातली. हे लगेच सरसावून बसले. म्हणाले, तो कंडक्टर आहे, त्याने दुसरी शिट्टी दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आम्ही वीस मिनिटं थांबलो. मी हसून हसून बेजार झाले, आणि मग लक्षात आलं की हे हसत नव्हते.

आठवड्यातून तीन-चार दिवस मला ओळखतात. बाकीच्या दिवशी मी नवी ड्रायव्हरबाई असते. फार अदबीने वागतात माझ्याशी. खिडकी उघडू का, असं विचारून उघडतात.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, पोरीला गोड पापा. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी,
ताई

*

२१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानात आलं. एका आजोबांचे डोळे तपासत होतो, त्यांना बसवून ठेवून आधी वाचलं. त्यांनी काही तक्रार केली नाही, अक्षरं दिसतच नव्हती त्यांना.

ताई, राग मानू नकोस, पण पुरे झालं आता. त्या घाटांत दाजी गाडीतून उतरून एखाद्या दिवशी चालायला लागले तर तू एकटी काय करणार आहेस? मी तुला न विचारता एक काम केलंय. गावाबाहेर विसराळूपणाचा आजार असलेल्यांची एक संस्था आहे, ती बघून आलो. खोल्या स्वच्छ आहेत, खिडक्या मोठ्या आहेत, नर्स मोठ्या आवाजात बोलत नाहीत. एक खोली रिकामी आहे आणि जूनच्या मध्यापर्यंत ते आपल्यासाठी थांबणार आहेत. घरी येऊन निदान बघ तरी.

तुला वाटेल, धाकटा दाजींना वाटेला लावायला निघाला. तर एक गोष्ट सांगतो, जी मी तुला कधी सांगितली नाही. आई-बाबा गेल्यावर मी तुमच्याकडे आलो, त्या वर्षी सहामाहीत मी चार विषयांत नापास झालो. निकाल घेऊन घरी यायची हिंमत नव्हती. दाजींच्या बसमध्ये चढलो आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसून राहिलो. त्यांनी आरशात एकदा बघितलं, काही विचारलं नाही. दिवसभरात सात फेऱ्या झाल्या. डबा आला तो मला दिला. शेवटच्या फेरीला म्हणाले, आता तुझा थांबा आलाय, उतरूया दोघं. तुला त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण तू मला रागावली नाहीस.

हे सगळं आता फक्त मला आठवतंय, याचाच मला त्रास होतो.

इकडे सगळे बरे आहेत. लवकर ये. धाकट्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

*

२९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं. त्या वेळी यांनी मला एवढंच सांगितलं होतं की पोरगं दमलंय, आज काही विचारू नकोस.

तुला खोटं लिहिणार नाही. सोळा तारखेनंतर यांनी मला एकदाही ओळखलेलं नाही.

परवा आम्ही मोठी खिंड ओलांडली. वर बर्फ होतं आणि कड्यावर रानबकरे उभे होते, अकरा मोजले. शिंगं पाठीपर्यंत वळलेली. सरळ भिंतीसारख्या खडकावर एकामागे एक, जराही न धडपडता चालले होते. हे खाली उतरून टोपी काढून उभे राहिले. मी शेजारी जाऊन हात धरला, तर हळूच सोडवून घेतला. बाईमाणसाने असा हात धरलेला बरा दिसत नाही म्हणाले, मी लग्न झालेला माणूस आहे.

मग उतार लागला. मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होते. अर्ध्यात जळका वास आला आणि ब्रेक मऊ पडला, दाबला की खालीच जायला लागला. डावीकडे दरी. यांनी वास घेतला आणि अगदी शांत आवाजात बोलायला लागले. ब्रेकवरचा पाय काढा. तिसऱ्यात टाका. आता दुसऱ्यात. इंजिन ओढून धरेल, त्याला धरू द्या. हँडब्रेक एकदम नाही, थोडा थोडा. डोंगराच्या अंगाने घ्या. पॅसेंजरना कळता कामा नये. मी ते म्हणतील तसं करत गेले, आणि गाडी एका सपाट जागेवर येऊन उभी राहिली.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. यांनी थर्मासमधला चहा ओतून दिला आणि घरी कोण कोण असतं विचारलं. नवरा असतो, मी म्हणाले. चांगला आहे का, यांनी विचारलं. फार चांगला आहे, मी म्हणाले. मग यांनी आपल्या बायकोबद्दल सांगितलं. शिवणकाम करते, पुढच्या खोलीत दुकान आहे, जेवायची थांबते, आपण बरेच दिवस घरी गेलेलो नाही, तिला नीट सांगूनही निघालो नाही. आता परत न्याल का, असं विचारलं त्यांनी मला. अर्ज केल्यासारखं.

बाबा रे, मी यांना डोंगर दाखवायला आणलं आणि यांचा जीव माझ्यासाठीच घरी अडकलाय. मी शेजारी बसून काही करू शकत नाही. ब्रेक दुरुस्त करून घेतला आहे. आम्ही निघतोय. सहा तारखेला पोचू. उत्तर वाटेतल्या पोस्टात पाठव, पत्ता मागे लिहिला आहे. त्या दिवशी तुम्ही कोणी घरी थांबू नका, माणसं बघून हे बावरतात.

सांभाळून राहा, मनात काही ठेवू नकोस.

तुझी,
ताई

*

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाटेतल्या त्या पोस्टात वेळेवर पोचावं अशी आशा आहे. घर उघडून झाडून घेतलं. दूध, ब्रेड, अंडी फ्रीजमध्ये आहेत. पुढच्या दाराला आतून कडी आहे, मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे आहेच. मी येणार नाही, पण दुकानात फोनजवळ बसून असेन. संस्थेबद्दल आता मी एक शब्द बोलणार नाही. तू ठरवशील ते.

हळू चालव. पोचलीस की कळव.

तुझा,
धाकटा

*

८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी पोचलो एवढंच म्हणाले आणि ठेवला. पुढचं तोंडाने सांगता आलं नसतं.

आधी कामाचं. संस्थेला हो कळव. सोमवारी आपण दोघं यांना घेऊन जाऊ. काल सकाळी दूध तापवायला ठेवून यांनी गॅस तसाच सोडला, आणि मी ओरडले तर घरात शिरलेली ही बाई कोण म्हणून घाबरून मोरीत जाऊन बसले. बाहेर काढायला दोन तास लागले. माझ्याच्याने होणार नाही रे.

पण त्याच्या आदल्या दिवसाचं तुला सांगायचं आहे.

चार वाजता दारात गाडी लावली. हे उतरले, माझ्या बाजूला येऊन आभार मानले. डेपोत सांगतो म्हणाले, बाईंना घाटाचा मार्ग द्यायला हरकत नाही. मग पायऱ्या चढून बेल वाजवली आणि कॉलर नीट करून उभे राहिले. कोणी उघडेना. परत वाजवली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होते. तिसऱ्यांदा बेल वाजवून हे खिडकीला कान लावून ऐकायला लागले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दार उघडणारी तर मीच.

मी बोळातून पळत मागच्या दाराने आत गेले, जाकीट नि गाडीचा चष्मा काढून टाकला आणि पुढची कडी काढली. यांनी मला बघितलं आणि नावाने हाक मारली. उशीर झाला म्हणाले, रागावू नकोस.

पुढे दोन तास हे माझे होते. ओट्याजवळ स्टूल ओढून बसले आणि सगळी सहल मला सांगितली. शिट्टी घालणारा कंडक्टर, बर्फ, बकरे. बकरे अकरा होते, हेसुद्धा बरोबर. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकलं, मध्ये मध्ये प्रश्न विचारले. तू यायला हवं होतंस, असं तीनदा म्हणाले. पुढच्या वेळी येईन म्हणाले मी.

शेवटी न राहवून विचारलं, की ड्रायव्हर कशी होती. थोडा विचार करून म्हणाले, हात चांगला आहे बाईंचा, शिकतील. स्वभावही चांगला. पण मधूनच गप्प होत, एकदा रडल्याही. घरचं काहीतरी मोठं दुःख असावं. विचारावंसं फार वाटलं, पण परक्या बाईला कसं विचारणार.

सोमवारी लवकर ये. दोघं आहोत तोवर एकमेकांना धरून राहू.

तुझी,
ताई