सळीचे दोन फेरे

धाकट्या,

हे पत्र टाकायची माझी हिंमत होणार नाही, म्हणूनच सगळं खरं लिहितोय.

माझी गिटार तू वाजवायला लागलास आणि आई दर रविवारी फोन तुझ्यासमोर धरून मला ऐकवायला लागली. "बघ, कसा हात फिरतो त्याचा." मी वाजवायचो तेव्हा हीच आई दार लावून घ्यायची. इथे दुकानात मी दिवसभर लोकांच्या गिटारी दुरुस्त करतो, आणि वाजवतात ते लोकच.

परवाच्या रविवारी तू विचारलंस, "दादा, तारा खरखरतात, काय करू?" गिटारीची मान मागे वाकलीय, हे मला आवाजावरूनच कळलं. मानेतली सळी पाव फेरा सैल करायची, एवढंच काम. मी म्हणालो, "किल्ली लाव आणि दोन पूर्ण फेरे आवळ." त्यात मान गेलीच असती. मला तेच हवं होतं.

काल तुझा फोन आला. "दादा, पाव फेऱ्यातच लाकूड कुरकुरलं, खरखर वाढली, म्हणून थांबलो. तुझी वस्तू आहे, हात धजावेना."

लाकडाचं ऐकून थांबायला मला दोन वर्षं मालकाच्या शिव्या खाव्या लागल्या. तुला पहिल्याच दिवशी जमलं. मी अजूनच जळलो.

तरी म्हणालो, "आता उलटा फिरव. अर्धा फेरा."

तारा स्वच्छ वाजल्या. मागून आई मला म्हणाली, "नीट केली बघ त्यानं."

"हो," मी म्हणालो, "त्यानंच केली."

तुझ्यावर जळणारा,
दादा