शबनमची दुसरी ओळ

मंगळवार, ८ एप्रिल

टक्क.

दुपारी डोळा लागला होता, त्यात ऐकलं. छावणी भागातल्या सोड्याच्या शेडमधला आवाज. अंगठ्यानं गोळी आत ढकलली की आधी टक्क, मग लांबलचक फुस्स, आणि शबनमचा गुलाबी फेस बोटांवर. जागा झालो तर वच्छलानं कपाटाची कडी लावली होती.

"शबनमच ना?" म्हणाली. लग्नाला पन्नास वर्षं झाली, तिला माझी स्वप्नंसुद्धा पाठ आहेत.

आवाज उगाच नाही आला. सकाळी मोईन येऊन गेला. मुख्तारचा नातू. मुख्तार जाऊन दोन वर्षं झाली, शबनमचा कारखाना आता हाच बघतो. नवीन बाटली काढतोय. गोळी तीच, लेबलवर त्या जुन्याच दोन ओळी. आणि ओळींखाली — "आबा, तुमचं नाव. त्रिंबक शेवाळे. दादाजान नेहमी सांगायचे, आपला शायर उस्मानपुऱ्यात राहतो." फक्त एक सही हवी. पंचवीस तारखेच्या आत, त्या दिवशी छपाई.

शायर. पोस्टातला निवृत्त कारकून, आणि शायर.

वच्छला म्हणाली, "बरं झालं. बाटलीवर नाव असलं की रिकामी झाल्यावर कुणीतरी परत घेऊन जाईल तुम्हाला."

गुरुवार, १० एप्रिल

कॅलेंडरच्या मार्च महिन्यामागं सही गिरवून पाहिली. सतरा वेळा. सगळ्या मनीऑर्डरवरच्या दिसतात.

रविवार, १३ एप्रिल

शेजारच्या अप्पारावांच्या तनुजाचं जमलं. आमच्याकडं "लग्न ठरलं का" असं कुणी विचारत नाही, "शबनम फुटली का" विचारतात. दोन्हीकडून होकार आला की क्रेट उघडायचा. प्रत्येक क्रेटमध्ये एका बाटलीचं लेबल उलटं चिकटवलेलं असतं, ती बाटली मुलीची. शुभ मानतात. कुणी म्हणतं, उलटं लेबल मिळालं की सासू सरळ मिळते.

आमच्या वेळी वच्छलाच्या वडिलांनी संत्र्याचं काहीतरी आणून ठेवलं होतं. माझे मामा बघून उठलेच. छावणीतून सायकलवर क्रेट येईपर्यंत दीड तास बोलणी बंद! वच्छला अजून म्हणते, "दीड तास मिळाला होता. मीच वेडी, बसून राहिले."

तनुजानं गोळी दाबली आणि अख्खी मंडळी एका सुरात —

टक्कन् फुटली गोळी, भाऊ, ऊन पळालं तेव्हा!

अप्पारावांनी मला हाताला धरून पुढं केलं. "हेच ते कवी." टाळ्या. माझंही भान सुटलं. हात वर करून शाळेतल्यासारखी पहिली ओळ म्हटली —

तप्त उन्हातुन चालत येतो श्रांत पथिक तो जेव्हा...

नवरदेवाचा भाऊ अदबीनं म्हणाला, "छान आहे काका. ही पण तुमचीच का?"

मंगळवार, १५ एप्रिल

श्रेया मराठी घेऊन बी.ए. करते आहे, तेव्हापासून नात कमी आणि परीक्षक जास्त झाली आहे. शेंगा सोलता सोलता म्हणते, "आबा, पहिली ओळ तुमचीच वाटते. तुम्ही दूधवाल्यालासुद्धा 'आज श्रांत दिसता' म्हणता. पण दुसरी? तुम्ही आयुष्यात कुणाला 'भाऊ' म्हटलंय?"

"शेंगा खा," म्हणालो.

वहीला तरी खरं सांगावं. त्र्याहत्तरचा उन्हाळा. मुख्तार आणि मी एका बाकावरचे. त्याच्या वडिलांना लेबलवर दोन ओळी हव्या होत्या. मुख्तार म्हणाला, "तुझ्या डोक्यात क्रमिक पुस्तकातल्या सगळ्या कविता आहेत. एखादी नवी पाड." पोस्टातून सुटलो की शेडमध्ये जाऊन बसायचो. पहिली ओळ तासाभरात झाली. दुसरी दोन दिवस होईना. 'शीतल' आणलं, 'निर्झर' आणला, पथिक काही हलेना.

कोपऱ्यात मुख्तारची धाकटी बहीण जाहेदा लेबलं चिकटवत बसायची. पंधरा वर्षांची, कोपरापर्यंत खळ. दोन दिवस माझं पुटपुटणं ऐकून कंटाळली असणार. वर न बघता म्हणाली, "इतकं काय अवघड हाय त्यात? टक्कन् फुटली गोळी, भाऊ, ऊन पळालं तेव्हा."

एवढ्यात मुख्तार आत आला. मी दोन्ही ओळी एकदम म्हणून दाखवल्या. जुळतात का ते कानाला बघायचं होतं, एवढंच. तो ओरडला, "वा त्रिंबक!" आणि मिठी मारली. मिठीत असताना माणसानं काय बोलायचं?

खांद्यावरून जाहेदा दिसत होती. ती रागावली नाही. हसली. हातातलं लेबल सावकाश फिरवलं आणि बाटलीवर उलटं चिकटवलं. माझ्याकडं बघून.

त्या दिवसापासून प्रत्येक क्रेटमध्ये एक. लोकांनी त्याचा शकुन केला. ती लग्न होऊन सोयगावला गेली, तर गिऱ्हाइकं भांडायला लागली — उलटी बाटली कुठंय? मग मुख्तार स्वतः एक उलटं चिकटवायला लागला. कशाबद्दल, हे त्यालाही माहीत नव्हतं.

गावभर मुली ती शुभ म्हणून पितात. ती माझी चेष्टा आहे. बावन्न वर्षांची.

बुधवार, १६ एप्रिल

वच्छलाला सांगावं का? नको. आयुष्यभर पुरेल तिला.

शनिवार, १९ एप्रिल

छावणीत गेलो, सही करायलाच. खोटं कशाला, मला ते नाव हवं होतं. पोस्टात सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या नावांवर शिक्के मारले.

मोईननं नमुना पुढं ठेवला. गुलाबी कागद, खाली त्रिंबक शेवाळे. पहिली ओळ बारीक अक्षरात, दुसरी ठसठशीत. "लोकांना तीच माहितीय ना, आबा."

पेन उघडलं. मग बंद केलं. सगळं सांगून टाकलं.

मोईननं नमुना परत स्वतःकडं ओढला. मग म्हणाला, "जाहेदा दादी? त्या तर कधी काही बोलल्या नाहीत." मग हसायला लागला. "म्हणून उलटं! आबा, आमच्या नव्या मशीनला तेवढं एक लेबल उलटं लावायला शिकवताना मिस्त्री रडकुंडीला आला होता."

"तिचं नाव घाल," म्हणालो.

"त्यांना विचारल्याशिवाय कसं घालू? फोनवर ऐकू येत नाही त्यांना. गुडघ्यांमुळं तीन वर्षांत सोयगावच्या बाहेर पडल्या नाहीत. दादाजानच्या मयतीलाही येता आलं नाही त्यांना."

"मग मी लिहितो. पण तिचं उत्तर येईपर्यंत माझंही छापू नको."

"पंचवीसला छपाई आहे, आबा. उत्तर नाही आलं तर जागा कोरी जाईल."

"जाऊ दे कोरी."

कोरी म्हणालो खरं. रिक्षात बोटानं गुडघ्यावर सही गिरवत आलो.

रविवार, २० एप्रिल

पोस्टकार्ड लिहिलं. आधी एक लांब, त्यात 'क्षमस्व' दोनदा आलं. फाडलं. दुसरं — "जाहेदा, ती ओळ तुझी. बाटलीवर नाव माझं लागत होतं, थांबवलंय. तू सांगशील तसं. त्रिंबकभाऊ."

सोमवार, २१ एप्रिल

कार्ड सदऱ्याच्या खिशातच राहिलं. वच्छलानं धुण्याच्या आधी काढलं. वाचलं. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं.

"पोस्टातला माणूस," ती म्हणाली, "आणि पेटी कोपऱ्यावर."

एवढंच? मी विचारलं, "तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"आपली शबनम फुटली त्या दिवशी क्रेटबरोबर कोण आलं होतं? उलटी बाटली माझ्या हातात कुणी दिली? कानात म्हणाली होती, 'भाभी, ह्यांच्या पहिल्या ओळीपासून सांभाळा.'"

पन्नास वर्षं! आणि एकदाही बोलली नाही. कार्ड तीच पेटीत टाकून आली.

गुरुवार, २४ एप्रिल

उत्तर नाही. पोस्टाला शिव्या घालाव्यात तर त्या मलाच लागतात.

शुक्रवार, २५ एप्रिल

दुपारचे अडीच. बेल. मोईन कोऱ्या लेबलाची बातमी घेऊन आला असणार म्हणून सावकाश उठलो.

दारात जाहेदा. डोक्यावर ओला रुमाल, हातात काठी आणि माझं कार्ड. सोयगावची एसटी, बसस्टँडवर रिक्षा मिळाली नाही, तिथून चालत. ह्या उन्हात, त्या गुडघ्यांनी.

"वाटेत आधी छापखान्यात गेले, भाऊ. मोईनला सांगितलं, दोघांची नावं टाक. यांचं सरळ, माझं उलटं." भिंतीला टेकून तिनं दम घेतला. "आता ती तुमची पहिली ओळ सांगा. बावन्न वर्षं झाली, मला अजून पाठ नाही."

मी सांगितली. उंबऱ्यात उभा राहून, हात वर करून, पुरी.

आतून वच्छला म्हणाली, "अहो, त्या पथिकाला आधी आत तर घ्या."