सर्व्हरवरचा राखणदार

मॅडम, परवा आपल्या सर्व्हरवरचा राखणदार पुन्हा आडवा आला आणि तुमची आठवण झाली. झाली म्हणजे काय, दिवसभर तुम्हीच डोक्यात होतात. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. जुनं यंत्र कधीच भंगारात गेलं, शेठनी धंदा मुलाच्या हाती दिला आणि तुमच्या खुर्चीत मी बसते. अजून अवघडूनच बसते.

महाडच्या त्या दोन खोल्यांतून आपण पोलादपूरपर्यंत इंटरनेट पुरवायचो. मी कुडपणहून आलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, पण खरा सर्व्हर पाहिला तो तिथेच. कुठल्या गावचा डेटा कुठल्या वाटेने जायचा हे ठरवणाऱ्या सेवा याच यंत्रावर चालतात, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. त्यात कुणी घुसलं तर अख्खा तालुका भलत्याच वाटेला लागेल. म्हणून तुम्ही त्यावर एसई-लिनक्स नावाचं पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलेलं. प्रत्येक सेवेवर एक शिक्का, प्रत्येक फायलीवर एक शिक्का, आणि कुठल्या शिक्क्याने कशाला हात लावायचा ते आधीच ठरलेलं. वाट ठरवणाऱ्या सेवेने आपल्या फायली वाचाव्यात, गिऱ्हाइकांच्या नोंदींकडे ढुंकूनही पाहू नये. मग ती सेवा सुरू करणारा कितीही मोठा अधिकारी असो. दासगावच्या आपल्या शेठना हे काही झेपायचं नाही. ते त्याला गावच्या वेशीवरच्या देवासारखा राखणदार म्हणायचे आणि याला नारळ द्यायला लागतो काय, असं येताजाता विचारायचे. एकदा त्यांनी साडूला दाखवायला सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मागितला. तुम्ही चहा दिलात, पासवर्ड दिला नाहीत. शेठ आठवडाभर घुश्शात होते. मी मात्र त्या दिवसापासून तुमच्यावर बेहद्द खूश.

आणि तो पावसाचा दिवस. सावित्री नदी चढलेली, रस्त्याकडेची केबल वाहून गेलेली, पोलादपूरची लाइन बंद. मोबाइलचे टॉवरही गप्प. माझे बाबा सकाळीच कुडपणहून पोलादपूरला निघालेले आणि घाटात दरड आलेली. मुंबईहून भावाचा फोन ऑफिसच्या फोनवर सारखा येतोय, बाबा पोचला काय गो, आणि मी काय सांगणार? पोलादपूरच्या डेटाची वाहतूक टेकडीवरच्या बिनतारी रेडिओवरून फिरवायची असं तुम्ही ठरवता. वाटांची नवी मांडणी आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिता, दोनदा तपासता, मग ती फाइल सेवेच्या जागी हलवता आणि सेवा पुन्हा सुरू करता. सेवा उठतच नाही. परवानगी नाही, एवढंच म्हणते.

शेठ दारातच उभे होते. "मॅडम, तुमचा तो राखणदार बंद करा. लोकांची तोंडं मी बंद करू शकत नाय." त्याला बंद करायची एका ओळीची आज्ञा होती, सगळ्यांना ठाऊक होती. मीही रडकुंडीला येऊन म्हटलं, "मॅडम, बाबांचं काही कळत नाय. घटकाभर बंद करूया ना. आपण घाईत आहोत."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "अगं, मी घाईत आहे म्हणूनच तो आहे. निवांत असते तर मला त्याची गरज काय होती?"

आणि तुम्ही शांतपणे त्याने काय अडवलं ते वाचायला लागलात. मला त्या क्षणी तुमचा राग आला होता. मग तुम्ही हसलात, अगदी मनापासून. फाइल तुम्ही हलवली होती, तिच्यावर तुमच्या घरच्या फोल्डरचा शिक्का तसाच राहिला होता, आणि सेवेला असल्या घरगुती फायली वाचायला मनाई. नक्कल केली असती तर नव्या जागेचा शिक्का आपोआप बसला असता. "बघ, मलाच अडवलं. आणि बरोबर अडवलं," तुम्ही म्हणालात, मूल चालायला लागलं की आई कौतुकाने सांगते तशा. शिक्का दुरुस्त केलात, सेवा उठली, पोलादपूर दिसायला लागलं. थोड्या वेळाने तिथल्या एका दुकानातून बाबांबद्दल निरोप आला, म्हातारा इथं हाय, चहा पितोय. मी टेबलावर डोकं टेकून रडले आणि तुम्ही शेठना बाहेर घेऊन गेलात. स्वतःच्या चुकीत पकडलं गेल्यावर इतकी खूश झालेली बाई मी नंतर पाहिली नाही.

परवा तसंच झालं. लाइन बंद, धाकटे शेठ डोक्यावर उभे, बंद करा म्हणताहेत. मी नाही म्हटलं, नोंद वाचली, शिक्का दुरुस्त केला. हाताखालच्या मुली म्हणाल्या, तुम्ही अगदी त्या मॅडमसारख्याच आहात.

नाही हो, मॅडम. तुमच्यात ते मुळातच होतं. माझे हात दर वेळी आधी तीच एक आज्ञा लिहितात, परवाही लिहिली. मग तुम्ही मागे उभ्या आहात असं वाटतं आणि मी ती खोडते. माझ्या मर्जीवर सोडलं असतं तर हा राखणदार कधीच बंद पडला असता. हे त्या मुलींना मी अजून सांगितलेलं नाही.