मागे बघायला कुणीतरी

४ मे १९९८, सोमवार

पोचले एकदाची लोणी देवकरला. पिंपळीहून बारामती, तिथून एसटीने इंदापूर आणि इंदापूरहून वडापच्या जीपमध्ये, एक कोंबड्यांची पाटी आणि एक म्हातारा यांच्या मध्ये बसून. म्हाताऱ्याने विचारलं, कुणाकडं निघालात. ट्रक शिकायला निघाले म्हटल्यावर तो फाटा येईपर्यंत माझं तोंडच बघत राहिला आणि उतरताना स्वतःची पिशवी विसरला.

ही डायरी माझ्या पोरीने, स्वरूपाने दिली. साखर कारखान्याची आहे, मागच्या सालची, म्हणून वार खोडून लिहावे लागतात. रोज लिही, मी तुझ्याकडे राहायला आले की वाचीन, म्हणाली. माझी सातवी झालेली, अक्षर वाचण्याजोगं आहे.

माझं वय त्रेचाळीस. आमचे हे, रामहरी, दुधाचा टेम्पो चालवायचे. त्यांच्या अंगावरून वारं गेलं, हात निकामी झाला, तेव्हापासून टेम्पो मीच चालवला. गेल्या वर्षी ते गेले आणि दीर संभाजीने किल्ली काढून घेतली. नवरा घरात होता तवर ठीक, आता बाईमाणसानं गाडी हाणली तर लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. लोकांचं म्हणून कधीच झालं होतं, त्यालाच ऐकू आलं नव्हतं.

इथे दादासोंचं पशुखाद्याचं गोदाम आणि ट्रक आहेत. ड्रायव्हर टिकत नाहीत म्हणून ते मला घ्यायला तयार झाले. महिनाअखेरीला बारामतीत आरटीओचा कॅम्प आहे. त्यात हेवीचं लायसन निघालं की नोकरी पक्की, आवारातली खोली पक्की, आणि स्वरूपा माझ्याजवळ राहून नर्सिंगला जाईल. नाही निघालं तर संभाजी आखाड लागायच्या आत तिचं लग्न उरकणार आहे. स्थळ बघून ठेवलंय. मुलगा पस्तिशीचा आहे.

खोलीला खिडकी आहे. आज फार बरं वाटतंय.

६ मे

मला शिकवायला अप्पा नावाचे जुने ड्रायव्हर आहेत. मला द्रौपदाक्का म्हणतात, मी त्यांना उस्ताद म्हटलं की लाजतात. टेम्पोचा गिअर दोन बोटांनी पडायचा, इथे खांद्यापासून जोर लावावा लागतो. संध्याकाळी भाकरी थापताना उजवा हात दुखत होता, पण हायवेवर भिगवणपर्यंत गाडी मी नेली. समोरून येणाऱ्या एका ड्रायव्हरने मला बघून स्वतःच्या क्लीनरला दाखवलं.

अप्पा म्हणाले, तुम्ही उलट्या बाजूने शिकताय. ट्रक क्लासात शिकत नाहीत. आधी क्लीनर व्हायचं, काचा पुसायच्या, चाकं बदलायची, गाडी मागे घेताना मागे उभं राहून आवाज द्यायचा. "नवं माणूस मागं हुबं ऱ्हायलं की जुन्याला स्टेरिंग. आमी समदे आसंच वर आलो." मी म्हटलं, त्रेचाळिसाव्या वर्षी मला तेवढी सवड नाही.

माझ्या गाडीला मात्र क्लीनर मिळत नाही. बाईच्या हाताखाली फडकं मारायला कोणी तयार नाही. दादासोंनी विचारलं तर पोरं हसत सुटली.

९ मे

आज मागे घ्यायला शिकले. शिकले म्हणजे काय, अप्पांनी गाडी गोदामाच्या ओट्यासमोर लावली, मागचं फळकूट ओट्याला लागेपर्यंत न्यायची म्हणाले, आणि स्वतः उतरून भागूबाईच्या चहाच्या टपरीकडे चालू लागले. "मागं घ्यायचं तेवढं तुमचं तुमी." बाकी सगळं हाताला धरून शिकवणारा माणूस इथे पाठ फिरवून गेला, मला राग आला.

ट्रकची शेपूट आरशात नीट दिसत नाही. ओटा कुठे आलाय कळेना. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. "येऊ द्या, येऊ द्या. डावीकडं मारा. येऊ द्या. बास." आणि बॉडीवर एक थाप. थांबले. उतरून बघते तर ओटा आणि गाडीमध्ये पंजाभर जागा. मागे कोणी नव्हतं. गोदामात पोती शिवणारी कोणी असेल, कामाला परत गेली असेल.

जिवाला जीव देणारं माणूस भेटलं असं वाटलं.

११ मे

रोज ती आवाज देते. उन्हाच्या वेळी आवारात माणूस नसतं, तरी ती असते. आज एकदाही चुकले नाही. दादासोंनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, कॅम्पात नक्की निघतंय तुमचं.

संध्याकाळी गाडीतून उतरताना गोदामाच्या दाराकडे बघून मी मोठ्याने म्हटलं, बाई, लई उपकार झाले, येते हां. आतून आवाज आला, "या."

स्वरूपाला पत्र टाकलं. बिछाना दोघींचा आणून ठेवते म्हणून लिहिलं.

१४ मे

भागूबाईला चहा घेता घेता सहज विचारलं, गोदामातली ती बाई कोण, तिला एखादी साडी नेऊन द्यावी म्हणते. भागूबाई म्हणाली, गोदामात बाई नाही. हमाल सगळे गडी, आणि तेही दुपारी जेवायला जातात. मग मी आवाजाचं सांगितलं. निघताना मी काय म्हणते तेही सांगितलं.

तिने किटली खाली ठेवली. "अगं, मयताच्या घरनं निघताना 'येते' म्हंतं का कुणी? तितनं मुक्यानं निघायचं आस्तं." 

पुढचं अप्पाला विचार म्हणाली. माझ्या चहाचे पैसेही घेतले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

१५ मे

अप्पांनी सांगितलं. टपरीमागे बसून, मान वर न करता.

नकोशी नावाची बाई होती. पाठोपाठ पोरी झाल्या म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. नवऱ्याने टाकलेली, चाळिशीची. तिलाही ट्रक शिकायचा होता. दादासोंनी नाही म्हटलं नाही, आधी क्लीनर हो म्हणाले. झाली. काचा पुसल्या, चाकं बदलली, मागे उभी राहून आवाज दिले. नवीन पोरं आली, ती एकेक करून स्टेअरिंगवर बसली, ही मागेच. दर वेळी तिला सांगायचे, आणखी एक माणूस येऊ दे, मग तुझी पाळी.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी गाडीवर अप्पा होते. ती गाडी आणि ओट्याच्या मध्ये उभी होती. अप्पा शपथ घेऊन सांगतात की त्यांना शेवटपर्यंत "येऊ द्या, येऊ द्या" ऐकू येत होतं. गाडी ओट्याला टेकली, हमाल ओरडत धावले, तरी ते ऐकू येत होतं. लोक म्हणाले, अप्पा प्यालेला होता. अप्पांनी तोवर थेंबही घेतला नव्हता.

गाडी हीच. धुऊन रंग दिलाय.

मला हे आधी का सांगितलं नाही विचारलं. म्हणाले, "मला वाटलं बाईमाणसाला ती काय करायची न्हाय."

मला रडू आलं. तिचं ऐकूनही आलं आणि माझं मलाही आलं.

१६ मे

दादासोंना म्हटलं, दुसरी गाडी द्या. म्हणाले, शिकाऊ माणसाला दुसरी कोण देतो. कॅम्पापर्यंत हीच.

गाडीला हात लावला नाही. दुपारी खोलीत बसले होते. ओट्याकडून गाडीवर मारतात तशा दोन थापा ऐकू आल्या. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

१७ मे

पिशवी भरली आणि निघाले. लग्न तर लग्न, मी संभाजीच्या पाया पडेन, थांब म्हणेन. इंदापूरला बारामतीच्या एसटीत बसले, खिडकीशी. तिकीट काढल्याचं आठवतं. शेजारच्या बाईने पाणी दिलं तेही आठवतं.

मग मी आवाराच्या फाटकाशी उभी होते, पिशवी घेऊन. जीपवाल्याला विचारलं, मला इथे कोणी आणलं. तो चमकून बघू लागला. मीच इंदापुरात त्याला थांबवलं म्हणे. "तुमीच म्हन्ला की, येते म्हनून सांगून आलीया, जायाला लागतंय."

चप्पल एकच होती पायात.

१८ मे

परत निघाले. चालत, रस्त्याने नाही, रानातून, उसाच्या कडेने.

तेच. फाटक.

अप्पा गावाला निघून गेले. निरोपही ठेवला नाही. त्यांनी निदान 'जातो' तरी म्हटलं असेल, मनात.

भागूबाईने नारळ आणून ओट्यावर फोडला, नकोशीपुढे हात जोडले, म्हणाली, बाई, हिला सोड, ही तुझ्यासारखीच हाय. नारळ चांगला निघाला. मला जरा आशा वाटली.

दुपारी आवाज आला. ओट्याकडून नाही. गाडीच्या केबिनमधून. ती म्हणत होती, "आन एक मानूस येऊ दे."

१९ मे

कळलं. रात्रभर डोळा नाही, पहाटे कळलं. मला मारायचं नाही तिला. मी गेले तर तिची जागा मागचीच राहते. तिला मागे उभं राहणारं दुसरं माणूस हवंय. मग तिला स्टेअरिंग.

म्हणून मी कोणालाही मागे उभं राहू देणार नाही. गाडी चालू करणारच नाही. लायसन गेलं, नोकरी गेली, जाऊ दे. गाडीची किल्ली विहिरीत टाकली. दादासो शिव्या देत होते, मी ऐकून घेतल्या.

बास. एवढं केलं की झालं.

२० मे

ऑफिसातून हाक आली, बारामतीहून फोन. स्वरूपा. एसटीडी बूथवरून. आवाज इतका आनंदी.

म्हणाली, आई, तुझा निरोप पोचला.

मी म्हटलं, कसला निरोप.

पिंपळीला एक बाई आली होती म्हणे. लुगडं नेसलेली, हातात गाडी पुसायचं फडकं. तुझ्या आईला मागं बघायला मानूस न्हाय, तू ये, असं सांगून गेली. उद्या पाहुणे हिला बघायला येणार आहेत, ते यायच्या आत हिने निघायचं ठरवलंय. काकाला न सांगता.

येऊ नकोस म्हटलं. ओरडून म्हटलं. स्वरू येऊ नकोस, लग्न कर, त्या पस्तिशीच्याशी कर, पण इथे —

पलीकडे फोन ठेवलेला होता. किती वेळ नुसतंच बोलत होते कोण जाणे.

२१ मे

सकाळपासून फाट्यावर थांबलेय. प्रत्येक जीप बघतेय. ती उतरली की तशीच परत चढवणार. हात धरून, मारून, कशीही —

जीप आली. तिच्यात नाही.

दुसरी —

फाट्यावर नाहीये मी. केबिनमध्ये आहे. कधी चढले. डायरी मांडीवर, पेन हातात. इंजिन चालू आहे. किल्ली लावायच्या जागी काही नाही तरी चालू आहे.

आरशात स्वरूपा. पिवळा ड्रेस. ओट्याला पाठ लावून उभी. हात वर करून मला खुणा करतेय, हसतेय. माझी पोर. तिला वाटतंय मी चालवतेय.

ओरडले. घशातून आवाज नाही.

पाय माझे नाहीत. ब्रेकवर पाय ठेवला, त्याच्या खाली दुसरा पाय आहे, अनवाणी, गार, जोडव्यांचा. वर उचलतोय माझा.

हॉर्न वाजवायला पेन ठेवलं. हात हॉर्नकडे गेलाच नाही, गिअरवर गेला. मागचा गिअर पडला. कसाबसा हात ओढून घेतला, पेन धरलं, की थांबला. लिहितेय तोवर हात माझे आहेत. लिहितेय तोवर स्टेअरिंगवर कोणी नाही.

लिहीत राहिलं पाहिजे. काहीही. माझं नाव द्रौपदा. मुलीचं नाव स्वरूपा. तिला नर्स व्हायचंय. भागूबाई टपरीतून बाहेर आली तर बघेल. भागूबाई बाहेर ये. कोणीतरी बाहेर या.

शेजारी कोणीतरी सरकून बसलंय. बघत नाही मी. लिहितेय.

बोटं एकेक करून सोडवतेय ती, हळूच, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी. दोनच बोटांत पेन —

स्वरू बाजूला हो. अजून वेळ आहे. मी लिहितेय ना. आरशात माझ्याकडे बघ. बाळ बाजूला हो बाजूला हो बाजू